सोयर ना सुतक

सन २०१७ च्या एप्रिलची ३ तारीख, सोमवार. रात्र बरीच झाली होती आणि मी दिवा मालवण्याच्या बेतांत होतों, तोंच टेलिफोन वाजला. विलेपार्ल्याहून अक्काचा आवाज आला, "ताई गेल्या." आमच्या नात्यांत दादरला एक ताई आहे आणि तिची प्रकृति त्या सुमारास बरी नव्हती. मीं साहजिकच विचारलें, "कोण, दादरची ताई?" पलीकडे कांहीं वेळ कोणीच बोललें नाहीं. मग अक्का म्हणाली, "नाहीं. किशोरीताई," आणि तिनें फोन ठेवून दिला.

त्या प्रश्नाबद्दल अक्कानें पुढें पंधरा दिवस माझ्याशीं अबोला धरला. त्या रात्रीं मला जें वाटलें त्यास दुःख म्हणतां येणार नाहीं. तें निव्वळ ओशाळलेपण होतें. किशोरी आमोणकर हें नांव मला ठाऊक नव्हतें असें थोडेंच आहे? महाराष्ट्रांतल्या कोणत्या सुशिक्षित घरास तें ठाऊक नाहीं? परंतु मीं त्यांची एकहि मैफल ऐकलेली नव्हती, त्यांची एकहि ध्वनिमुद्रिका स्वतः होऊन लावलेली नव्हती. ज्याच्याशीं आपला कसलाहि संबंध नाहीं त्याच्याविषयीं आपण ‘सोयर ना सुतक’ असें म्हणतों. शास्त्रकारांनीं सुतकाचा हिशेब मोठ्या बारकाईनें मांडून ठेविला आहे. सपिंडांचें दहा दिवस, मातामहाचें तीन, आणि दूरच्या मरणाची वार्ता फार उशिरां कानीं आली तर नुसतें एक स्नान. परंतु गाणाऱ्याच्या मरणाचें सुतक कोणास लागतें आणि कोणास लागत नाहीं, याचा निर्णय ‘धर्मसिंधु’ उघडून सांपडावयाचा नाहीं. अक्काला तें लागलें होतें यांत शंका नव्हती. मला लागलें नव्हतें. प्रश्न एवढाच होता कीं, मला तें लागल्याचें सोंग मीं आणावें कीं काय?

हा प्रश्न केवळ मनांतला राहिला नाहीं. चौथ्याच दिवशीं एका नियतकालिकाच्या संपादकांचा निरोप आला कीं, किशोरीताईंवर एक श्रद्धांजलीपर लेख तातडीनें हवा. मी अधूनमधून पुस्तकांवर लिहितों. ज्यास पुस्तकांवर लिहितां येतें त्यास गाण्यावरहि लिहितां येत असलें पाहिजे असा त्यांचा प्रेमळ समज होता. मीं बसून अर्धें पान लिहिलें. त्या अर्ध्या पानांत एक सूर्य मावळला होता, एक युग संपलें होतें आणि कधींहि भरून न येणारी एक पोकळी निर्माण झाली होती. वाचून पाहिलें तों ध्यानांत आलें कीं, किशोरीताईंचें नांव खोडून त्या जागीं दुसऱ्या कोणा कलावंताचें घातलें असतें तरी बाकीचें एक अक्षरहि बदलावें लागलें नसतें. मीं तें पान फाडलें आणि संपादकांस नकार कळविला.

हा दोष माझ्या एकट्याच्या लेखणीचा असता तर त्याची वाच्यता करण्याचें कारण नव्हतें. त्या आठवड्यांत मीं जीं वर्तमानपत्रें वाचलीं आणि हातांतल्या फोनवर जे शोकसंदेश वाहत आले, त्यांतले बहुतेक माझ्या अर्ध्या पानाचीच भावंडें होतीं. या वाङ्मयप्रकाराची घाई किती विलक्षण असते याचा मासला पुढें सन २०२४ च्या डिसेंबरांत पाहावयास मिळाला. झाकीर हुसेन सॅन फ्रान्सिस्को येथें अत्यवस्थ होते. १५ तारखेस त्यांच्या निधनाची वार्ता आपल्याकडे पसरली, कित्येकांनीं शोकहि व्यक्त करून टाकला, मग वार्ता निश्चित नाहीं असें कळल्यावर कांहींनीं तो मागें घेतला, आणि दुसऱ्या दिवशीं कुटुंबीयांनींच ती दुःखद वार्ता खरी असल्याचें सांगितलें. मागें घेतां येतो आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हा काढून वापरतां येतो, असा हा शोक! त्यांत खोटेपणा असतो असें मी म्हणत नाहीं. लोकांस खरोखरच हळहळ वाटते. पण जिव्हाळ्याच्या शब्दांचा सांठा मर्यादित आणि तो वापरणारे अमर्याद, यामुळें ज्याच्या घरांत तें गाणें वर्षानुवर्षें वाजत होतें त्याच्या तोंडीं, आणि ज्याच्या घरांत तें कधींच नव्हतें त्याच्याहि तोंडीं, एकच ‘पोकळी’ येते. जेथें कधीं कांहीं ठेवलेलेंच नव्हतें तेथें पोकळी व्हावी कशी?

याहून अवघड प्रकार आठवणींचा. दिवंगत कलावंत एकदां आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते, एकदां त्यांनीं आपल्याला नांवानें हांक मारली होती, एकदां आपल्याकडचा चहा त्यांस आवडला होता, अशा तीन प्रसंगांवर लेख उभा राहतो आणि वाचून संपल्यावर ध्यानांत राहतो तो चहा. आपल्या भाषेंत गवयांविषयीं चांगलें लिहिणारे झाले नाहींत असें मुळींच नाहीं. गोविंदराव टेंबे यांनीं अल्लादियाखांसाहेबांविषयीं लिहिलें तें त्यांचा सहवास घडल्यावर आणि स्वतः हातांत पेटी धरून. वामनराव देशपांडे यांनीं ‘घरंदाज गायकी’ सन १९६१ मध्यें प्रसिद्ध केली ती अनेक घराण्यांचें गाणें कानांवरून गेल्यावर. या दोघांच्या लिखाणांत गळ्याविषयीं, लयीविषयीं, दमसासाविषयीं विधानें सांपडतात. तीं चूक कीं बरोबर हें दुसऱ्या जाणत्यास पडताळून पाहतां येतें. शोकलेखांतील विधानें पडताळून पाहण्याची सोयच नसते. ‘स्वर्गीय’ म्हणजे किती स्वर्गीय?

आतां मीं त्यांचें गाणें कां ऐकलें नाहीं हें सांगितलें पाहिजे, आणि त्यांत माझी शोभा होण्यासारखें कांहीं नाहीं. आमचें घर पुण्याचें, आणि सन १९५३ मध्यें सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ जो उत्सव सुरू झाला त्यानें आमच्या घराचें गाण्याचें मत कायमचें ठरवून टाकिलें. भीमसेन जोशी हे आमचे. ‘आमचे’ या शब्दांत जेवढें प्रेम असतें तेवढीच आंधळी मालकी असते. सन २०११ च्या जानेवारींत भीमसेन गेले तेव्हां मीं खरेंच अन्न घेतलें नाहीं, आणि त्यांच्यावर एक ओळहि लिहिली नाहीं. किराणा आमचें म्हटल्यावर जयपूर-अत्रौली हें दुसऱ्यांचें झालें. तें गाणें विद्वानांचें, अनवट रागांचें, गणितासारखें अवघड, असें मी ऐकून होतों आणि तेंच पुढें सांगत होतों. अक्का लग्न होऊन मुंबईस गेली आणि तेथें तिनें पक्षांतर केलें, अशी आमच्या घरांत थट्टा होई.

दुसरें कारण याहून कमीपणाचें आहे. आषाढी एकादशीच्या सकाळीं रेडिओवर त्यांनीं गाइलेले अभंग लागत, आणि ते मला आवडत. सोयराबाईंचा ‘अवघा रंग एक झाला’ तर मी गुणगुणतहि असें. ज्याचीं चार गाणीं आपल्या ओठांवर असतात, त्याचें सारें गाणें आपणांस ठाऊक आहे असा एक सुखद भ्रम होतो. आणि तिसरें कारण म्हणजे गोष्टी. मैफलींत किंचित् कुजबुज झाली तरी त्या कशा संतापत, तानपुरे मनासारखे जुळेपर्यंत श्रोत्यांस कशा तिष्ठत ठेवीत, संयोजकांस कसें सुनावीत, या गोष्टी गाण्याशीं संबंध नसलेल्या माणसांतहि चवीनें सांगितल्या जात. माझी स्थिति अशी होती कीं, त्यांच्या रागाच्या गोष्टी मला पुष्कळ पाठ होत्या आणि त्यांच्या रागांपैकीं एकहि मला ठाऊक नव्हता.

त्या रागाचें मूळ शोधावयास फार लांब जावें लागत नाहीं. त्यांच्या मातोश्री मोगूबाई कुर्डीकर सन १९०४ मध्यें गोव्यांतील कुर्डी गांवीं जन्मल्या. नाटकमंडळींतून त्या गाण्याकडे आल्या, अल्लादियाखांसाहेबांच्या शिष्या झाल्या, अकालीं वैधव्य आल्यावर तीन मुलांचा संसार त्यांनीं गाण्याच्या कमाईवर चालविला. मुलगी तानपुऱ्यावर साथीस बसे. मैफलीचें निमंत्रण देणारे लोक अशा थोर गायिकेस कोणत्या वर्गानें प्रवास करावयास लावीत, कोठें उतरवीत, तिच्या हातावर काय ठेवीत, हें त्या मुलीनें डोळ्यांनीं पाहिलें आणि पुढें मोठेपणीं अनेकदां बोलून दाखविलें. अमोल पालेकर व संध्या गोखले यांनीं त्यांच्यावर जो ‘भिन्न षड्ज’ नांवाचा चित्रपट केला त्यांतहि हा विषय येतो. आपल्या आईस जें मिळालें नाहीं तें आपण मागून घ्यावयाचें, आणि तें स्वतःसाठीं नव्हे, गाण्यासाठीं, असा त्यांचा बाणा होता. ज्या समाजानें गाणाऱ्या बाईचा शंभर वर्षें अपमान केला त्यास एका गाणाऱ्या बाईचा रुसवा चमत्कारिक वाटावा, यांत चमत्कारिक कोण? (जातां जातां सांगण्यासारखी गोष्ट अशी कीं, तें कुर्डी गांव आतां साळावली धरणाच्या पाण्याखालीं आहे. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे घरांचे चौथरे व देवळाचे अवशेष वर येतात आणि विखुरलेले गांवकरी तेथें जमतात.)

अबोला सुटला तो मी पार्ल्यास गेलों तेव्हां. अक्कानें चहा दिला, किशोरीताईंविषयीं अवाक्षर काढलें नाहीं, आणि निघतांना एका कापडी पिशवींत दहाबारा कॅसेटी, एक पुस्तक आणि एक निळ्या पुठ्ठ्याची वही घालून ती पिशवी माझ्या हातांत दिली. "वाच आधीं, मग ऐक," एवढेंच ती म्हणाली.

त्या वहीविषयीं मला विस्तारानें लिहिलें पाहिजे, कारण किशोरीताईंवर मीं जें कांहीं वाचलें आहे त्यांत तिच्या तोडीचें थोडें आहे. अक्का शाळेंत गणित शिकवीत असे; तिच्या हातून विशेषणें लिहिलीं जात नाहींत. वहींत एकंदर ६३ नोंदी आहेत. प्रत्येकींत तारीख, जागा, तबल्यास कोण, पेटीस कोण, काय गाइल्या, आणि त्याखालीं एक, फार तर दोन ओळी. ‘तानपुरे जुळायला अर्धा तास. फुकट गेला नाहीं.’ ‘बागेश्री. धैवताकडे जातांना दर वेळीं रस्ता निराळा.’ ‘परत येतांना लोकलमध्यें तिघीहि बोललों नाहीं.’ ‘पहिला राग मोठा, दुसऱ्यांत दमल्या.’ आणि सात ठिकाणीं केवळ तीन शब्द : ‘आज जमलें नाहीं.’

हे तीन शब्द वाचून मी थबकलों. चाळीस वर्षें ज्या बाईनें दुसऱ्या कोणाचें गाणें मनापासून ऐकलें नाहीं, तिनें आपल्या दैवताविषयीं सात वेळां असें लिहावें! त्या आठवड्यांतल्या एकाहि शोकलेखांत हें वाक्य नव्हतें, आणि असणें शक्यहि नव्हतें. मृत्यूनंतर औचित्य आड येतें हें खरें. पण खरें कारण तें नव्हे. ‘आज जमलें नाहीं’ असें म्हणण्यास काल जमलें होतें हें ठाऊक असावें लागतें. ज्यास सर्वच अलौकिक वाटतें त्यास कांहींच वेगळें ऐकूं आलेलें नसतें.

आणि एका पानावर माझें नांव होतें. सन १९८४ चा हिवाळा. मी कांहीं कामानिमित्त अक्काकडे उतरलों होतों. तिनें मोठ्या खटपटीनें दोन तिकिटें मिळविलीं होतीं. मीं डोकें दुखत असल्याचें सांगितलें. वस्तुतः टेलिव्हिजनवर क्रिकेटचा सामना होता. कोणाचा सामना होता, कोण जिंकलें, हें मला आज कांहीं केल्या आठवत नाहीं. अक्का एकटी गेली, रात्रीं उशिरां आली आणि न जेवतां निजली. वहींतली नोंद अशी : ‘भूप. पावणेदोन तास. बाळू आला नाहीं, तिकीट वाया. एका परीनें बरें. मध्येंच उठला असता.’

दुसऱ्या दिवशीं सकाळींच मीं पुण्यास येऊन भूपाची कॅसेट लावली. ‘सहेला रे’ ही चीज जींत आहे तीच ती प्रसिद्ध ध्वनिमुद्रिका. ती ज्यांनीं ऐकलेली नाहीं असा माझ्यासारखा पुणेकर विरळाच असेल. भूप हा पांच स्वरांचा राग. मध्यम नाहीं, निषाद नाहीं. गाणें शिकूं लागलेल्या मुलांस अगदीं आरंभींच तो मिळतो, कारण त्यांत चुकण्यास जागा कमी. परंतु ज्यांत चुकण्यास जागा कमी त्यांत दडण्यासहि जागा कमी असते. अनवट रागांत गवयाचें पांडित्य त्याच्या मदतीस धांवतें. भूपांत तो आणि त्याचा गंधार, बाकी कोणी नाहीं. जयपूरच्या गायिकेनें आपली ओळख म्हणून जी ध्वनिमुद्रिका जगापुढें राहिली तींत हा बाळबोध राग गावा, इथेंच माझ्या ‘गणितासारखें अवघड’ या सिद्धांताचा निकाल लागला.

पहिल्यांदा ऐकलें तेव्हां मला फारसें कांहीं कळलें नाहीं, हें कबूल करतों. भीमसेनांच्या गाण्यानें माझ्या कानांस एका विशिष्ट तऱ्हेची संवय झालेली : स्वर यावा, पक्का लागावा, आपल्या छातींत घुमावा. येथें गंधार लागतो, पण तो खांबासारखा उभा राहत नाहीं. पंचमावरून मींड उतरते आणि ती गंधारावर पोंचली कीं अद्याप वाटेवरच आहे हें क्षणभर उमगत नाहीं. तिसऱ्या वेळेस मीं स्वर कोठें लागतो हें पाहण्याचें सोडलें आणि दोन स्वरांच्या मध्यें काय चाललें आहे तिकडे कान दिला. तेव्हां त्या गाण्याचें दार किंचित् किलकिलें झालें. तेथें सारें काम सांध्यांत आहे. आणि विलंबित ख्याल संपून ‘सहेला रे’ सुरू होतें तेव्हां जी प्रसन्नता येते ती निव्वळ लय वाढल्याची नव्हे. इतका वेळ ज्या पांच घरांतून आपण दबक्या पावलांनीं हिंडत होतों त्यांचीं सर्व दारें एकदम उघडल्यासारखें वाटतें.

जयपूर घराण्याचे अभिमानी या गायकीवर जो आक्षेप घेत आले, तोहि मग मीं समजावून घेतला. वामनरावांच्या मांडणीप्रमाणें घराणीं स्वर आणि लय या दोन टोकांच्या मध्यें कोठें तरी उभीं असतात : किराणा स्वराच्या टोकास, आग्रा लयीच्या टोकास, आणि जयपूर मध्यावर, दोहोंचा तोल साधून. अल्लादियाखांसाहेबांच्या गायकींत आवर्तन हें मोजून भरलेलें असतें. तान पेचांतून पेंच काढीत समेवर येते आणि श्रोत्यास क्षणभरहि तालाबाहेर श्वास घेऊं देत नाहीं. मल्लिकार्जुन मन्सूर यांचें गाणें ऐकावें म्हणजे हें कळतें. त्यांचा राग सुरू होतो तोच जणूं मध्यापासून. उंबऱ्यावर रेंगाळणें त्यांस ठाऊक नाहीं. किशोरीताई उंबऱ्यावरच बसतात. त्यांनीं लय सावकाश केली, आलापास ऐसपैस जागा दिली, शब्द स्वरांत विरूं दिले. भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकर यांच्याकडूनहि त्या शिकल्या होत्या. आईच्या तालमीवर त्यांनीं निराळें कांहीं चढविलें यांत नवल नाहीं. म्हणजे त्यांनीं जयपूरला मध्यावरून उचलून स्वराच्या टोकाकडे, अर्थात् आमच्या किराण्याच्या दिशेनें, नेलें! ज्यांस मी चाळीस वर्षें दुसऱ्यांच्या समजत होतों त्या माझ्याच आळींत येऊन राहिल्या होत्या आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

आक्षेपांत तथ्य नाहीं असें मात्र मला म्हणवत नाहीं. कांहीं ध्वनिफितींत तालाचा धागा इतका सैल होतो कीं सम येते ती भेट म्हणून येत नाहीं, अपघात म्हणून येते. द्रुत तानांत कुठें कुठें नक्षी दाटते आणि मोगूबाईंच्या ध्वनिमुद्रिकांत जी करडी नीटसता आहे तिची आठवण होते. अभंगांविषयींहि माझें मत पालटलें. ते मधुर आहेत. परंतु ख्याल ऐकल्यावर असें वाटूं लागलें कीं, अभंगांत त्यांचा गळा आपल्या शक्तीचा चौथा हिस्सा तेवढा खर्च करीत आहे, आणि मी आयुष्यभर त्या चौथ्या हिश्शावर संतुष्ट राहिलों. हें सर्व अर्थात् वर्ष-दीड वर्षाच्या शिकाऊ कानाचें मत. अक्कानें तें ऐकून नुसती मान हलविली. ती होकारार्थी कीं नकारार्थी हें मला अजून ठरवितां आलेलें नाहीं.

पिशवींतलें पुस्तक म्हणजे सन २००९ मध्यें प्रसिद्ध झालेली ‘स्वरार्थरमणी’. किशोरीताईंनीं त्यांत आपला रागरससिद्धांत मांडला आहे. रागास स्वतःचें असें भावविश्व असतें. गायकानें आपलें सुखदुःख त्यावर लादावयाचें नाहीं, तर स्वरांच्या द्वारां त्या विश्वांत प्रवेश करावयाचा. स्वर हीच त्याची भाषा, असा त्याचा गाभा आहे. भरताचार्यांपासूनचा शास्त्रविचार त्यांनीं स्वतःच्या साधनेशीं ताडून पाहिला आहे, आणि आपल्या गायकांपैकीं फार थोड्यांनीं एवढा बौद्धिक श्रम केला असेल. तथापि माझी एक शंका फिटली नाहीं. भावविश्व रागाचेंच असेल आणि गायक त्यांत केवळ प्रवेश करीत असेल, तर तीन थोर गायकांचा भूप ऐकतांना आपण तीन निराळ्या जागीं कां जातों? त्यांच्या भूपांतली ती व्याकुळ प्रसन्नता भूपाची कीं त्यांची? पुस्तकांत या प्रश्नाच्या आसपासच्या एका जागीं समासांत पेन्सिलीचें एक बारीक प्रश्नचिन्ह आहे. हस्ताक्षराचा प्रश्नच नाहीं; तसें वळणदार प्रश्नचिन्ह आमच्या घरांत अक्काच काढते. तिची शंका माझीच आहे किंवा कसें, हें मीं विचारलें नाहीं.

असो. ज्याचें गाणें आपण जितेपणीं ऐकलें नाहीं त्याचें तो गेल्यावर ऐकण्यांत अनेक सोयी आहेत. तिकीट काढावें लागत नाहीं, तिष्ठावें लागत नाहीं, मध्येंच उठलों तर कोणी कोपत नाहीं. कॅसेट हवी तेथें थांबवितां येते. परंतु अक्काच्या वहींतले ते तीन शब्द मला कधींहि लिहितां येणार नाहींत. खासगी मैफलींच्या ध्वनिफिती पुष्कळ फिरतात, त्यांत न जमलेल्याहि असतील. एखादी ऐकून ‘येथें जमलें नाहीं’ असें मी म्हणूंहि शकेन. पण अक्का तें लिहीत होती तेव्हां तिच्या मनांत पुढल्या महिन्याची मैफल होती. ‘आज’ या शब्दांत ‘पुढल्या वेळीं पाहूं’ एवढें सगळें होतें, आणि ३ एप्रिलच्या रात्रीं तिच्या हातून निसटलें तें हेंच असावें. माझ्या हातांतून तसें कांहीं निसटलें नाहीं. माझ्या हातीं तें कधीं आलेंच नव्हतें, आणि त्याचें वाईट आतां वाटतें.

हें वाटणें म्हणजे सुतक खचित नव्हे. उशिरां वार्ता कळलेल्या दूरच्या नातेवाइकासारखा मी एका स्नानाचा अधिकारी.

गेल्या दिवाळींत अक्काकडे गेलों तेव्हां वही परत केली. तिचे कान आतां थोडे मंद झाले आहेत. तार षड्जापुढचें तिला नीट ऐकूं येत नाहीं, असें ती गणिताच्या शिक्षिकेच्या तटस्थपणानें सांगते. तिनें वही कपाटांत ठेविली, किल्ली फिरविली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलें, "मग? पहिल्यानें काय ऐकलंस?"

"भूप," मीं सांगितलें. "इथून गेल्यावर दुसऱ्या दिवशींच."

"केव्हां? रात्रीं?"

"नाहीं. सकाळीं. आठ वाजतां."

अक्कानें माझ्याकडे पाहिलें. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा. तेच पांच स्वर सकाळीं देसकाराचे होतात, गंधाराची सत्ता धैवताकडे जाते, हें मला ठाऊक नव्हतें असें नाहीं. पण त्या सकाळीं मला वेळाचें भान नव्हतें.

"सकाळीं आठ वाजतां भूप ऐकलास," ती म्हणाली, "आणि वर त्याच्यावर मत दिलंस." मग उठून तिनें कपाट पुन्हा उघडलें, आंतून आणखी एक कॅसेट काढली, चष्मा लावून तिच्यावरचीं अक्षरें वाचलीं आणि ती माझ्यापुढें ठेविली. "ही ने. आणि आधीं घड्याळ बघ."